पडद्यावरचा ख्रिस्त, मनातला कृष्ण

पडद्यावर गोष्ट अजून सुरू झालेली नाही. यमुना नाही, गोकुळ नाही, कालियाचा फणा तर दूरच. आहे तो केवळ एका लहान मुलीचा चेहरा. तो हसतो, रुसतो, चकित होतो, रागावतो, आणि एक भाव मावळून दुसरा उमटेपर्यंतच्या इवल्याशा अवकाशात क्षणभर तिथे काहीच नसते, नुसते एक मूल असते. दादासाहेब फाळके यांच्या १९१९ सालच्या 'कालियामर्दन' या मूकपटाचा हा आरंभ. मुलगी त्यांचीच, मंदाकिनी, वय सातेक वर्षांचे. या बालिकेचा मुखाभिनय आधी पाहा, असे पडद्यावरची पाटी आपल्याला सांगते. आपण तो मनसोक्त पाहून घेतो, आणि मग डोळ्यांदेखत तोच चेहरा बाळकृष्णाचा होतो. नाशिकात हिंदुस्थान फिल्म कंपनी थाटून बसलेल्या एका बापाने आपल्या लेकीच्या चेहऱ्यावर उमटवलेले हे दर्शन शंभरांहून अधिक वर्षे टिकले आहे आणि आज ते हातातल्या फोनवरही पाहता येते.

यातला क्रम आधी आपण न्याहाळू. चमत्कार दाखवणारा एखादा सामान्य खेळिया असता, तर त्याने मुलगी लपवली असती आणि एकदम देव पुढे आणला असता. फाळक्यांना जादूचे प्रयोग उत्तम येत. लपवण्याची कला त्यांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? तरीही ते आधी देह दाखवतात, हाडामांसाचा, घरातला, ओळखीचा. आणि मग त्याच देहात देव दाखवतात. मुलगी खरी आणि कृष्णही खरा, एकाला खरे मानायचे म्हणून दुसऱ्याला खोटे पाडण्याचे कारण नाही, हा विश्वास त्या संथ रूपांतरात आहे. माझ्यासारखा ख्रिस्ती प्रेक्षक इथे थबकतो, कारण त्याच्या श्रद्धेचा गाभाही याच वळणावर उभा आहे. योहानाचे शुभवर्तमान ज्या शब्दाने सुरू होते, तो शब्द ध्वनी म्हणून वाऱ्यावर विरून जात नाही. तो मनुष्यदेह घेतो, आईच्या मांडीवर रडतो, लोकांच्या डोळ्यांना दिसतो. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईकडून जे भाविक लोटतात, आणि त्यांच्या रांगांत मिसळून जे अन्य धर्मांचे शेजारीही मेणबत्ती लावून जातात, त्यांना हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. बाळरूपातल्या देवाची भीती वाटत नाही. त्याच्याकडे पाहताना आपला चेहरा आपोआप सैल होतो.

पुढे कथा धावू लागते आणि मंदाकिनीचा कृष्ण खोड्या काढू लागतो. रात्री एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात शिरून तो झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो, आणि ती गाठ मारताना त्या मुलीच्या हालचालींत जो निर्मळ उद्योगीपणा आहे, तो कोणत्याही दिग्दर्शकाने शिकवून येणारा नव्हे. मग डोह येतो. काठावर शोकाकुल गोकुळ, पाण्याखाली सर्पाशी झुंजणारे मूल. कॅमेरा कधी वर, कधी खाली. काठावरच्यांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, आणि तरीही त्यांचा जीव टांगणीला लागला की आपलाही लागतो. शेवट ठाऊक असूनही धाकधूक वाटावी, हा भारतीय कथाश्रवणाचा जुना आनंद. कीर्तनकार आख्यान रंगवतो तेव्हा रामाचा विजय कुणाला माहीत नसतो? फाळक्यांनी तो आनंद कात्री आणि चिकटवणीच्या नव्या तंत्रात जसाच्या तसा उतरवला. ख्रिस्ती माणूस दरवर्षी उत्तम शुक्रवारी हेच अनुभवतो. तिसऱ्या दिवशीची वार्ता त्याला ठाऊक असते, तरीही दुपारी तीनच्या सुमारास उपासनामंदिरात त्याचा कंठ दाटून येतो. ठाऊक असलेल्या गोष्टीने पुन्हा हलून जाणे, ही भक्तीची आणि रसिकतेची समान खूण.

ही दृष्टी फाळक्यांना कुठे लाभली? त्यांनीच ते लिहून ठेवले आहे. १९१७ साली 'नवयुग' मासिकातल्या आपल्या लेखांत ते सांगतात की मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि ख्रिस्त डोळ्यांपुढून जात असताना मनात श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या साकार होऊ लागली. या निवेदनातल्या दोन बारीक गोष्टींवर मी फार लोभ धरून आहे. पहिली, त्यांच्या टाळ्या. ख्रिस्ताच्या चरित्रातले उदात्त प्रसंग पाहताना आपण नकळत टाळ्या वाजवत होतो, असे ते लिहितात. हा स्वदेशीचा कडवा अभिमानी, त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरातला मुलगा. परक्या राज्यकर्त्यांच्या धर्मातला देव पाहून हात आखडता घेण्याची सगळी कारणे त्याच्यापाशी होती. पण हात मनाच्या आधी धावले. दुसरी गोष्ट, दुसरे तिकीट. खेळ संपल्यावर त्यांनी पुन्हा तिकीट काढले आणि तोच पट पुन्हा पाहिला, आणि या वेळी आपली कल्पना पडद्यावर आकार घेताना त्यांना दिसली. पहिल्या पाहण्यात ते भारावले, दुसऱ्या पाहण्यात त्यांनी निर्माण केले. रसग्रहण म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी या दोन तिकिटांकडे बोट दाखवीन.

हा योग नाताळचा, असे फाळके लिहितात. चरित्रकार त्याला १९११ च्या ईस्टरच्या दिवसांत ठेवतात. एकाचे बोट जन्माकडे, दुसऱ्याचे पुनरुत्थानाकडे. आपण भाविकांनी दोन्ही गोड मानून घ्यावीत.

ख्रिस्तचरित्राचे एकाहून अधिक फ्रेंच पट त्या काळी जगभर फिरत होते. त्यांतला गोमाँ कंपनीचा, अ‍ॅलिस गी या स्त्री-दिग्दर्शिकेचा १९०६ सालचा पट आजही पाहायला मिळतो, आणि तो पाहताना फाळक्यांच्या शेजारी जाऊन बसल्याचे सुख मिळते. अर्ध्या तासाहून थोडी अधिक लांबी, पंचवीस दृश्ये. बेथलेहेमातले आगमन, शोमरोनी स्त्रीची विहीर, याईराची कन्या, झावळ्यांचा रविवार, शेवटचे भोजन, पेत्राचा नकार, आणि मग क्रूसाच्या वाटेवरचा एकेक थांबा. चित्रकार तिसो याच्या पवित्र शास्त्रावरील चित्रांवरून ही दृश्ये रचलेली असल्याने प्रत्येक दृश्य चौकटीतल्या तसबिरीसारखे स्थिर उभे राहते आणि माणसे त्या तसबिरीत आत-बाहेर करतात. रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आलेल्या, चित्रकला आणि मुद्रण दोन्ही कोळून प्यायलेल्या फाळक्यांना ही भाषा परकी वाटणे शक्यच नव्हते. देवादिकांच्या तसबिरी महाराष्ट्राच्या घराघरांत आधीच होत्या, आणि कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या चित्रांतून पुराणकथा पडद्यावर नाचवून दाखवल्या होत्या. भूमी नांगरलेली होती.

त्या पंचवीस दृश्यांत एक वेरोनिकेचे आहे. क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचा घामाने आणि रक्ताने माखलेला चेहरा ही स्त्री आपल्या वस्त्राने पुसते, आणि त्या वस्त्रावर त्याची मुखमुद्रा उमटते. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग नाही. तो परंपरेने जपलेला, लोकांच्या करुणेने रचलेला. आता आपण तो चित्रगृहातल्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहू. पांढरे कापड, आणि त्यावर एका चेहऱ्याची छाया! सिनेमाच्या पडद्याची याहून सुंदर पूर्वकल्पना कुठे सापडेल? आणि त्या कापडावर चेहरा येतो तो कसा, तर कुणीतरी दयेने पुढे होऊन तो पुसला म्हणून. प्रतिमा इथे हौसेने टिपलेली नाही, ती सेवेच्या पोटी आलेली आहे. मूर्ती घडवू नये अशी आज्ञा पाळणाऱ्या परंपरेत चित्रांविषयी भय नेहमीच राहिले, आणि आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने त्या भयाला दिलेले उत्तर असे होते की देवाने स्वतः दृश्य देह घेतला असेल तर त्या देहाचे चित्र काढणे हा त्याचा अपमान होऊ शकत नाही. वेरोनिकेचे वस्त्र हे त्या उत्तराचे जणू चित्ररूप.

आणि मौन! तो ख्रिस्त पडद्यावर बोलतो, ओठ हलतात, हात उंचावतात, पण ध्वनी नाही. तो फ्रेंच बोलत नाही, लॅटिन बोलत नाही, साहेबाची इंग्रजी तर नाहीच. गिरगावात बसलेल्या मराठी माणसाला त्या हलत्या ओठांत आपली वाणी भरण्याची पूर्ण मोकळीक होती. प्रेषितांच्या कृत्यांत पेन्टेकॉस्टच्या दिवसाचे वर्णन आहे. नाना देशांचे लोक यरुशलेमेत जमलेले, शिष्य बोलू लागतात, आणि प्रत्येकाला ते आपापल्या मायबोलीत ऐकू येते. मूकपटाने तेच डोळ्यांच्या बाबतीत घडवले. प्रत्येकाने आपापल्या अंतःकरणाच्या भाषेत तो पाहिला, आणि फाळक्यांच्या अंतःकरणाची भाषा गोकुळाची होती. काही श्रद्धाळू ख्रिस्ती मित्र खंतावून म्हणतात की ख्रिस्त समोर असताना त्यांना कृष्ण कसा दिसला? मला यात खंत करण्याजोगे काही दिसत नाही. ख्रिस्ताच्या चित्राने एका माणसाच्या आतले जे सर्वांत प्रिय होते ते जागे केले; पेन्टेकॉस्टचा पवित्र आत्मा आणखी वेगळे काय करतो?

या जागृतीची किंमत त्यांच्या देहाने मोजली, हेही आपण विसरू नये. पटांमागून पट पाहून आणि रात्रंदिवस प्रयोग करून त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग १९१२ च्या आरंभी विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, तिथे यंत्राची विद्या पाहिली, कॅमेरा घेतला. भांडवलदाराला पटावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एकेक चित्र घेत 'अंकुराची वाढ' पडद्यावर दाखवली. महिनाभराचे उगवणे डोळ्यांसमोर काही क्षणांत! ज्या शिक्षकाने पेरणाऱ्याचा दाखला सांगितला, बी जमिनीत पडते आणि कसे वाढते ते पेरणाऱ्यालाही कळत नाही असे म्हटले, त्याच्या चरित्रपटातून स्फूर्ती घेतलेल्या माणसाची पहिली कृती एका बियाण्याविषयी असावी, हा योगायोग मला अतिशय रुचतो. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! दागिने दिले, कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडली, अंधाऱ्या खोलीत ती धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पात्रांच्या अंगावर परतवला आणि वर सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक केला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला तेव्हा पाटीवर नाव एकाचे होते. वेरोनिकेसारखी कापड धरून उभी राहिलेली ही दुसरी स्त्री मात्र उजेडाच्या मागेच राहिली.

आता प्रवाहाची उलटी दिशाही चाखून पाहू, कारण आपल्या मातीत हे देणे-घेणे एकेरी कधीच नव्हते. १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' ओवीत उतरले. एका इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा सांगायला मराठी पुराणाचा सांगाडा निवडला, कारण त्याच्या श्रोत्यांचे कान त्याच लयीवर वाढलेले होते. तीन शतकांनंतर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तेच पुढे नेले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने उपासनेत अभंग आणला आणि ख्रिस्ताचे कीर्तन उभे केले. त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. हाती राहिलेला मोठा भाग पूर्ण केला तो नाशिकजवळच्या जलालपूरच्या माहेरवाशिणीने, लक्ष्मीबाईंनी, ज्यांची 'स्मृतिचित्रे' मराठी वाचकाच्या घरातलीच झाली आहेत आणि ज्यांनी १९३६ साली नाशकातच देह ठेवला. साल पुन्हा एकदा पाहा: १९१९. ज्या वर्षी ख्रिस्तकथा सांगण्यासाठी कीर्तनकाराची वीणा उचलणारा कवी निघून गेला, त्याच वर्षी ख्रिस्तपटापासून स्फुरलेल्या यंत्राने कृष्णकथा सांगणारा 'कालियामर्दन' आला. एकाने भारतीय माध्यम घेऊन ख्रिस्त गायला, दुसऱ्याने ख्रिस्ताचे माध्यम घेऊन कृष्ण दाखवला. दोघांपैकी कुणाचाही देव उणा झाला नाही, आणि मराठी मात्र दोन्ही बाजूंनी भरली.

वर्तुळ पुढेही फिरत राहिले. १९७८ साली ए. भीमसिंग यांचा 'करुणामयुडू' हा तेलुगू ख्रिस्तपट आला आणि हिंदीत तो 'दयासागर' झाला. त्यातला येशू पाहताना आपल्याला फ्रेंच तसबीर आठवत नाही. आठवतो तो आपला पौराणिक चित्रपट. तेच तेजोवलय, तीच पार्श्वगीते, तोच प्रसंगाला प्रसंग जोडत जाणारा आख्यानाचा ओघ. गावोगावच्या मैदानांत पडदे बांधून तो दाखवला गेला. फाळक्यांनी घडवलेल्या शैलीतून ख्रिस्त आपल्याकडे परत आला, भारतीय होऊन.

आज उपासना थेट प्रक्षेपणाने घराघरांत जाते, प्रवचनाचे तुकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, यात्रेतली आरास सेकंदात परदेशी गेलेल्या लेकरांपर्यंत पोचते. या यंत्रांना दोष देत बसणे मला जमत नाही. आजारी म्हातारीला पलंगावरून मिस्सा पाहता येते, ही लहान गोष्ट नव्हे. पण फाळक्यांच्या त्या खेळाविषयी चरित्रकार जी एक हकिकत सांगतात, ती या यंत्रांच्या शेजारी ठेवून पाहावी. आदल्या दिवशी ते थोरल्या मुलाला, भालचंद्राला, घेऊन प्राण्यांचा पट पाहून आले होते. पडद्यावर जनावरे चालतात, हे मुलाने घरी सांगितले. कुणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब प्राणी पाहायला गेले, तर ईस्टर असल्यामुळे चित्रगृहात लागला होता ख्रिस्त! मागितले एक, मिळाले भलतेच. त्या चित्रगृहाने गिऱ्हाइकाची कालची आवड ओळखून पुन्हा जनावरेच दाखवली असती, तर मंडळी खूश होऊन घरी गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

आपले फोन नेमके तेच करतात. काल जे पाहिले तेच आज, त्याहून थोडे अधिक चटकदार करून. ख्रिस्त्याला ख्रिस्त, वैष्णवाला कृष्ण, आणि रागावलेल्याला राग. प्रत्येकाला आपलाच देव इतक्या वेळा दाखवला जातो की शेवटी त्या देवाचाही केवळ आरसा उरतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा म्हणतात ती याच्या अगदी उलट चालीची: ती न मागता येते, आवडीनिवडी पुसत नाही, आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या सणाच्या दारातून येते. म्हणून आमच्या उपासनेचे चित्रण करणाऱ्या उत्साही पोरांना मी म्हणतो की कॅमेरा चांगला धरा, आवाज नीट घ्या, पण प्रक्षेपणाच्या यशाचे माप पाहणाऱ्यांच्या आकड्यात शोधू नका. चुकून तिथे येऊन पडलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने नकळत टाळी वाजवली आणि स्वतःच्या देवाला अधिक स्पष्ट पाहिले, तर ते प्रक्षेपण सफल झाले. आणि प्रेक्षक म्हणून आपलेही एक कर्तव्य आहे: शेजाऱ्याच्या आरतीला, ईदेला, नाताळला, सुचवण्यांच्या यादीत नसलेल्या ठिकाणी मुद्दाम जाऊन बसणे, आणि आवडले तर दुसरे तिकीटही काढणे.